ते सोंग नव्हतं
ऐंशीच्या सुमाराला मी नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्यांनी विचारलं, "वेडाच्या भरात असलेल्या माणसाला कसं आवरायचं, ते आमच्या लोकांना शिकवाल का?" मी दर शनिवारी जाऊ लागले. 'आवरायचं' या शब्दापाशीच आमचं अडायचं. त्यांना दोरी आणि लाठी ठाऊक. मी म्हणायचे, आधी बोला.

एका शनिवारी म्हटलं, प्रसंग करून बघू. कोयता घेऊन घरात कोंडून बसलेला माणूस कोण होणार? मागच्या बाकावर गप्प बसणारे, सटाण्याकडचे एक हवालदार आपणहून उठले. कोयत्याच्या जागी लाकडी पट्टी घेतली. सगळे हसत होते. एक शिपाई समजूत घालायला पुढे झाला.

हवालदार भिंतीला पाठ लावून उभे राहिले. काम छान वठतंय, असं मला वाटलं. मग ते अहिराणीत बोलू लागले. "मनाजोडे येऊ नका. माय ऐकी राहिनी." माझ्याजवळ येऊ नका, आई ऐकतेय. त्यांचा शर्ट घामानं भिजला होता.

"बस, छान झालं," मी म्हणाले. त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

"नाटक पुरे कर," मला बोलावणारे ते साहेब दारातून ओरडले. दोघं शिपाई हवालदारांना धरायला धावले. त्यांनी पट्टी स्वतःच्याच गळ्यावर दाबली.

अशा माणसासमोर मी कधी उभीच राहिले नव्हते. दोघांना मागे सारून मी फरशीवर बसले.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

ते म्हणाले, "बंदूक उचल म्हणते."

हा माणूस रोज बंदूक घेऊन ट्रेझरीवर, सरकारी खजिन्यावर, पहारा देत होता.

हळूहळू ते खाली बसले, पट्टी सुटली. साहेबांनी स्वतःच्या जीपमधून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. हवालदारांची बायको म्हणाली, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. हे आवाज वर्षभर चालले होते, पण नोकरी जाईल म्हणून दोघंही गप्प राहिली. नोकरी गेली नाही. बंदूक काढून घेतली, स्टोअरमध्ये बसवलं.

पुढे ते एकदा सीबीएसच्या एसटी स्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट बघताना भेटले.

"गोळ्यांनी झोप लय येते, बाई," म्हणाले. "माय आता बोलत नाय."

त्यांना त्याचं बरं वाटत होतं की वाईट, ते मला कळलं नाही.