सुतकातली रांगोळी

"वास येत असेल तर नाकाला पदर लाव, पण रांगोळी काढ."

वॉर्डातले आरोग्याचे साहेब हे मला म्हणाले. काळेवाडीत, आमच्या चाळीसमोर, सगळ्या बायांच्या देखत. रांगोळीची पिशवी माझ्या पायाशी टाकली. चाळीत माझ्या हाताला नाव आहे, म्हणून हा मान मला.

समोर मोकळा प्लॉट. मालक कुठल्याशा मोठ्या सोसायटीत राहतो, त्याचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही. गेटला गंजकं कुलूप. आत गटाराचं हिरवं पाणी, मेलेली कुत्री, पोरांचे डायपर आणि डासच डास. त्या डासांनी माझ्या दिराला खाल्लं. डेंग्यू. महाळुंग्याच्या कंपनीत शिफ्टला जाणारा धडधाकट माणूस. खाडा नको म्हणून ताप अंगावर काढला आणि गेला. त्याचा दहावाही अजून व्हायचा होता.

तो आजारी पडण्याआधी मी वॉर्ड ऑफिसला खेटे घातले होते. ह्याच साहेबांनी सांगितलं होतं, "खासगी जागा आहे. आत पाय टाकता येत नाही. फवारणीला बजेट नाही." कायदा असेल, असं समजून मी मुकाट घरी आले.

मग स्वच्छ शहराच्या नंबरासाठी वरून पाहणी ठरली, त्या दिवशी रस्त्यावर रांगोळी हवी होती. चौकात कारंजं बसलं. त्याच प्लॉटच्या भिंतीवर महापालिकेच्या पैशानं फुलपाखरं रंगवली. भिंत जिथं पडली होती तिथं हिरवी जाळी बांधली. म्हणजे आतली घाण खासगी आणि ती झाकणारी भिंत सरकारी? त्या पाण्याची नाही आली एवढी किळस मला त्या फुलपाखरांची आली.

मी म्हणाले, "साहेब, घरात सुतक हाय. सुतकात रांगोळी घालत नसतेत."

साहेब हसले. "घरात असेल. रस्त्याला कुठं सुतक असतं?" मग बायांकडे वळून, "कचरा तुम्हीच टाकायचा आणि नखरेही तुमचेच."

टाकतो आम्हीही कचरा. घंटागाडी येते तेव्हा आम्ही कामावर असतो. बायांनी माना खाली घातल्या. मीही घालणार होते, सवयच ती. पण ते हसणं डोक्यात गेलं.

"त्याची तिरडी ह्याच रस्त्यानं गेली. सुतक ह्या रस्त्यालाच हाय," मी म्हणाले. पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. जाळीपाशी गेले आणि सुतळी दातानं तोडली. जाळी खाली आली. सगळं उघडं पडलं.

पाहणीच्या गाड्या तेवढ्यात आल्या. थांबल्या. आतल्यांनी नाकाला रुमाल लावले, काच कुणी खाली केली नाही.

प्लॉट अजून तसाच आहे. जाळी पुन्हा बांधलीय, ह्या वेळी तारेनं. मी पक्कड आणून ठेवलीय. पुढच्या पाहणीला ती तार दिवसाढवळ्या, साहेबांच्या समोर कापणार. आणि त्या रस्त्यावर माझ्या हातची रांगोळी पडणार नाही. ते डबकं बुजत नाही तोवर सुतक फिटलं असं मी मानत नाही.