ओल्या भिंतीवरचा डॉक्टर

आमच्या मावशीला लोक मुंगीबाई म्हणतात. अंगानं ती मुंगीसारखी मुळीच नाही. ती आत यायची म्हटलं की दारालाच जरा अंग चोरून घ्यावं लागतं. नाव पडलं ते तिच्या खुणेमुळं. काचेवर, गाडीवर, भिंतीवर मोठमोठाले स्टिकर चिकटवायचा तिचा धंदा. काम मनासारखं उतरलं की खाली उजव्या कोपऱ्यात ती नखाएवढी लाल मुंगी चिकटवते. मुंगी दिसली की समजायचं, इथं फुगा धरणार नाही. सव्वीस वर्षं त्या मुंगीनं कधी मान खाली घातली नव्हती.

काम दिसायला सोपं. मागचा कागद सोलायचा, चिकटवायचं, वरून हात फिरवायचा. यात शिकण्यासारखं आहे तरी काय, असं वाटणारे शहाणे आठवड्याला दोन तरी मावशीच्या दारात येतात, आपण स्वतः नटवलेलं कपाट घेऊन. कपाटाला कांजिण्या उठलेल्या असतात. मावशी चष्मा लावते.

"धूळ पुसली होती?"

"पुसली की. फडक्यानं."

"फडकं धुतलेलं होतं?"

माणूस छताकडं बघतो.

"आणि कागद सगळा एकदम सोललात ना?"

"हो, म्हटलं एका दमात उरकावं."

"दम दांडगा आहे तुमचा. सगळा खाली भरून राहिलाय बघा."

तिची स्वतःची रीत म्हणजे सोवळ्यापेक्षा कडक. छापून आलेला स्टिकर एक अख्खा दिवस उघडा पडू द्यायचा, शाईतली ओल उडू द्यायची. जागा स्पिरिटनं पुसायची, तीही धागे न सोडणाऱ्या कापडानं. कागद वीतभर सोलायचा, तेवढंच चिकटवायचं, मग पुढची वीत. कडेला फेल्टचं मऊ कापड लावलेली पट्टी मधून कडेकडं ओढायची आणि प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढवायची, म्हणजे हवेला मधे लपायला जागाच राहत नाही. उन्हात तापलेल्या पत्र्याला तर हातसुद्धा लावायचा नाही. पण या सगळ्याच्या आधी ती एक गोष्ट करते, आणि ती बघून नवखा माणूस दोन पावलं मागं सरतो. ती भिंत हुंगते. नाक टेकवून, डोळे मिटून. नवा रंग बोटाला कोरडा लागतो, पण आतून तो कितीतरी दिवस वाफ सोडत असतो. वरून स्टिकर ठोकला की ती वाफ जाणार कुठं? वास आला की मावशी हातभर तुकडा चिकटवून बघते. दुसऱ्या दिवशी त्याला फुगा दिसला की पिशवी उचलून चालू लागते. मग समोर कुणी का असेना.

कुणी का असेना, हे तोवर खरं होतं, जोवर समोर जावई नव्हता.

जावई दातांचा डॉक्टर. हुशार, मेहनती, आणि स्वतःच्या दिसण्याबद्दल अजिबात गैरसमज नसलेला. नवा दवाखाना काढला तेव्हा समोरच्या भिंतीवर काय लावावं यावर त्यानं बराच विचार केला आणि शेवटी स्वतःलाच निवडलं. बारा फूट रुंद हसरा चेहरा. बत्तीसच्या बत्तीस दात लांबून मोजून घ्यावेत असा. म्हणे, आत येताच पेशंटची भीती जाते. बारा फुटी तोंड बघून कुणाची भीती जात असेल तर जावो बापडी.

उद्घाटन गुरुवारी. रंगारी भिंतीवरून उतरला सोमवारी. मंगळवारी मावशीनं भिंत हुंगली, तुकडा लावला. बुधवारी सकाळी तुकड्यावर वाटाण्याएवढे सात फुगे.

"तीन आठवडे थांबा, जावईबापू," मावशी म्हणाली.

"आई, सात छोटे फुगे. एवढंच ना?"

"हे हातभर तुकड्यावर. तुम्ही बारा फूट आहात."

"पत्रिका वाटून झाल्यात. प्रमुख पाहुणे बसवाले आहेत, चाळीस गाड्यांचे मालक. तुमच्यासाठीच बोलावलंय त्यांना! भिंत बघितली की गाड्यांचं काम तुम्हालाच."

हे मात्र खरं होतं. चाळीस बसगाड्या, दोन्ही अंगांनी. त्या कामासाठी मावशी वर्षभर झुरत होती, फक्त तोंडानं बोलत नव्हती. लेकीनं तिला बाजूला घेतलं.

"आई, तू नाही म्हणालीस तर हे दुसऱ्या कुणाला तरी आणतील. आणि मग मला जन्मभर ऐकवतील, तुझ्या आईला माझ्या भिंतीचा वास आला म्हणून."

मावशीनं एकदा लेकीकडं बघितलं, एकदा भिंतीकडं. मग कागद सोलायला घेतला. चार तास पट्टी ओढली. काम असं सपाट झालं की डॉक्टर भिंतीवरच्या स्वतःच्या गालावरून हात फिरवून आले. पण मावशीनं मुंगी लावली नाही. पिशवी आवरली आणि गेली घरी.

आता लेक म्हणजे प्रेमळ. तिला वाटलं, आई दमली, विसरली. आईच्या डब्यातली एक मुंगी तिच्याकडं होतीच. तिनं ती कोपऱ्यात नीट, कौतुकानं चिकटवून टाकली.

गुरुवारी दहाला मावशी पोचली तेव्हा भिंत सपाट होती आणि कोपऱ्यात मुंगी होती. मुंगी बघून तिला खुर्चीवर बसावं लागलं. उपटून काढायची तर दारात पाहुणे. साडेदहाला समोरच्या काचेतून ऊन भिंतीवर आलं. पावणेअकराला डॉक्टरांच्या उजव्या गालावर लिंबाएवढं काहीतरी उठलं. बसवाले येईपर्यंत त्याचा नारळ झाला होता.

दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन, आणि डॉक्टरांचाच गाल सुजलेला! पाहुण्यांची पंचाईत झाली. हसावं तर जेवण गमवावं लागणार. सगळे आपापल्या बुटांकडं बघू लागले. बसवाले मात्र भिंतीजवळ गेले, वाकले, कोपरा बघितला.

"ही मुंगीबाईंची खूण ना? मी तर ऐकलं होतं की..."

"आमच्या सासूबाईंचंच काम," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "वयानं हात थोडा हलतो हल्ली."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. मावशी उठली. स्टूल ओढलं, सगळ्यांसमोर चढली, पदराला टोचलेली टाचणी काढली.

"डॉक्टर, एक विचारू? गाल सुजलेला पेशंट आला की तुम्ही काय करता?"

"आई, आत्ता हे..."

"सांगा की. चार लोकांचं भलं होईल."

डॉक्टरांना आपल्या विद्येबद्दल कुणी विचारलं की राहवत नाही. "आधी पू काढतो. पण त्यानं तात्पुरतं बरं वाटतं. मूळ साफ केल्याशिवाय सूज पुन्हा येणार."

"आणि मूळ साफ न करताच वरून झाकलं तर?"

"असं कुठला मूर्ख करेल?"

कुणीतरी मागं खोकलं. डॉक्टर भिंतीकडं बघत राहिले आणि हळूहळू, दोन्ही गालांसकट, लाल झाले.

मावशीनं फुग्याच्या कडेला टाचणी आडवी टोचली आणि पट्टीनं हवा त्या भोकाकडं ढकलत आणली. गाल बसला. "तासभर टिकेल," ती म्हणाली. "रंग तीन दिवसांचा आहे. हात माझा हलत नाही, काल मन हललं." मग खाली उतरून तिनं कोपऱ्यातली मुंगी नखानं खरवडून काढली आणि पदराला चिकटवली.

बसवाल्यांनी हे सगळं बघितलं. "बाई, माझ्या गाड्या परवाच रंगवून आल्यात. सोमवारी सुरू करता?"

चाळीस गाड्या.

"नाही," मावशी म्हणाली. "तीन आठवड्यांनी."

"सोमवारी हव्यात हो."

"मग दुसरा बघा. पटापट करणारे पुष्कळ आहेत."

बसवाल्यांनी मान हलवली, जेवले आणि गेले. फोन नाही, निरोप नाही. डॉक्टर सासूबाईंशी फक्त गरजेपुरतं बोलू लागले आणि गरज त्यांना रोजच पडत होती, कारण ऊन आलं की गाल फुगत होता. शेवटी मावशीनं तो चेहराच उतरवून टाकला. महिना झाल्यावर भिंत हुंगली, तुकडा लावून बघितला, मग नवा चेहरा चढवला. या वेळी डॉक्टरांनीच विचारलं, "आई, मुंगी?" तेव्हा तिनं ती लावली.

त्याच आठवड्यात मावशीच्या घरासमोर एक बस येऊन थांबली. मावशी बाहेर आली.

"मालकांनी पाठवलंय," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणाले, आधी दुसऱ्याकडून चार गाड्या करून घेतल्या. त्या आता उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसतायत. ही त्यातलीच एक, सोलून पुन्हा रंगवलीय. तुम्ही म्हणे हुंगून बघता."

मावशीनं गाडीला नाक लावलं, डोळे मिटले. आतून माहेरी आलेली लेक ओरडली, "आई, घे गं, हो म्हण!"

"अजून आठ दिवस," मावशी म्हणाली. "आणि येताना धुऊन आणा."