चिंबोरीच्या घरातली कोळंबी

पनवेलच्या बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकणारी एक बाई गिऱ्हाइकाकडे नाही, चिंबोरीकडे बघत बोलते. ‘ती नाय देनार, अंड्यांची हाय.’ मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तरी तिच्याशी वाद घालत नाही.

तिच्या गावच्या खाडीत भराव टाकायचा होता. पाहणीला आलेले साहेब ‘इथे जीव नाहीत’ असं लिहिणार होते. साक्षीला तिने मला नेलं. चिंबोरीच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालून तिने मूठभर चिखल काढला. त्यात नखाएवढी कोळंबी वळवळत होती.

‘ही चिंबोरीच्याच घरात ऱ्हाते.’

‘एवढीशी?’ साहेब हसले.

‘एवढीशी हाय, पन हाय ना? लिवा.’

साहेबांनी लिहिलं. तिने कोळंबी त्याच बिळात सोडली. बिळात राहणारी ही कोळंबी मी वीस वर्षं पुस्तकातून शिकवते. पाहिली मात्र त्या दिवशी.