शनिवारचा शेवटचा तास

खांबेटे सर गेल्याचं शिपायानं स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, तेव्हा मी वह्या तपासत होते. मी पुढची वही ओढली. शोकसभेत जो तो "देवमाणूस, देवमाणूस" करत होता. मला बोलायला सांगितलं, मी नाही म्हणाले... गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून महिनाभर थांबले. आता बोलते.

पिंपरीच्या याच शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला ते आम्हांला नीतिशिक्षण शिकवायचे. सगळे धर्म, सगळे संत, सगळं तत्त्वज्ञान घुसळून शेवटी लोणी एकच काढायचे: वरच्यांचं ऐकावं. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, त्यांनी चाचणीला प्रश्न घातला, "संप करणे नीतीला धरून आहे काय?" वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील तेव्हा कंपनीच्या गेटबाहेर बसलेले. माझेही. मी लिहिलं, "मागून न्याय मिळत नसेल, तर आहे." सरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं, शून्य दिलं आणि म्हणाले, "संपकऱ्याच्या घरात नीती कुठून यायची?"

मला मॅट्रिकनंतर डी.एड.ला जायचं होतं आणि चारित्र्याचा दाखला वर्गशिक्षक म्हणून त्यांच्या हातात. उत्तर बदलून आण, मग सही करतो, म्हणाले. आबांनी, माझ्या वडिलांनी, समजावलं, "लिहून टाक की पोरी. संपावर मी हाय, तू न्हाईस." मी नाही लिहिलं. माझं वर्ष फुकट गेलं. पुढच्या वर्षी नवे हेडमास्तर आले, त्यांनी सरांना न विचारता सही केली, तेव्हा कुठे दाखला मिळाला. त्या वर्षासाठी मी सरांना माफ केलेलं नाही.

पुढे मी याच शाळेत शिक्षिका झाले आणि शिक्षकांचाच संप आला. मांडवात सर सगळ्यांच्या पुढे, दंडाला काळी फीत, घसा बसेपर्यंत घोषणा! मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाजमावर बसले.

"सर, आता माझ्या त्या उत्तराला किती मार्क?"

"आपलं वेगळं आहे गं," ते म्हणाले. "आपण न्यायासाठी बसलोय." आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. मी घेतले नाहीत.

त्यांचा तास आता माझ्याकडे आलाय. परवा चाचणीत मी हट्टानं तोच प्रश्न घातला. दिघीहून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं, "संप हे पाप आहे. माझे वडील कधीच संपावर गेले नाहीत." वाचता वाचता माझं डोकं फिरलं. असल्या घरात नीती कुठून यायची, असं पुटपुटलेसुद्धा... आणि बघते तर लाल पेन शून्याला अर्धं वळलेलं.

सर गेले म्हणतात. मग माझ्या हातानं पेपर कोण तपासत होतं?