पदूची दुसरी पाळी

आमच्या पाड्यावर माणूस कुढतो तो आषाढ-श्रावणात. कणगी रिकामी, चूल ओली, अंगणात पाय टाकायची सोय नाही. दिवाळी सरली, भात झोडून घरात आला, की कुढणं संपलं. थंडीत कुणी तोंड पाडून बसलं तर म्हाताऱ्या म्हणायच्या, "नवा भात घरात आन् याचं थोबाड बघा. लक्षुमी जाईल निघून." म्हणून थंडीतल्या उदासीला आमच्या बोलीत नावच नाही. पदूची पंचाईत झाली ती इथं.

पदू आमच्याच पाड्यावरचा, बारवी धरणाच्या वरच्या अंगाचा. सत्त्याऐंशीच्या सुमाराला अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला लागला आणि बायको येसूला घेऊन बदलापुरात, कात्रपला एका बिल्डिंगीत तळमजल्याला भाड्यानं राहिला. समोर दुसरी बिल्डिंग. ऊन यायचं ते तिच्या गच्चीवर, पदूच्या खोलीत नाही. तो अंधारात धुकं तुडवत निघायचा, दिवसभर ट्यूबलाइटखाली खोकी बांधायचा, ओव्हरटाइम करून दिवे लागल्यावर परतायचा.

पहिल्या थंडीला नुसता गळाठा आला. पुढच्या थंडीला जेवण गेलं.

"काय होतंय?" येसू विचारायची.

"कुटं काय."

"मंग जेवत का नाय?"

"तेच मना समजत नाय."

खोटं बोलत नव्हता. ताप नाही, दुखत नाही, कुणाशी वाकडं नाही. भाऊ गावाकडून नवे तांदूळ घेऊन आला तेव्हा पदू मुद्दाम मोठ्यानं हसला. भाऊ गेल्यावर भिंतीकडं तोंड करून निजला.

डॉक्टरनं छाती तपासून लाल टॉनिक दिलं. भगतानं अंगारा दिला. शेजारचे दौलतराव म्हणाले, "थंडी हाडात शिरलीय. खिडकीला गोणपाट ठोक." पदूनं ठोकलं. आता दुपारीही खोलीत दिवा लावावा लागे, आणि रविवारचा दिवस पदू गोधडीत घालवी.

अशाच एका रविवारी गोधडीतून आवाज आला, "येसू, मी नोकरी सोडतंय."

"आन्?"

"पाड्यावर जातंय."

"भावाच्या ताटाकडं बघत बसनार तिथं? तुमच्या वाटनीला जमीन हाये कितीशी?"

"मना नाय ठावं. मना कायच नाय ठावं."

येसू रडली नाही. नोकरी गेली तर खोली जाणार, हे तिला चांगलं कळत होतं. बिल्डिंगीच्या बाजूला एक मोकळा प्लॉट होता. काल-परवापर्यंत तिथं भातशेती, त्यामुळं मातीत ओल होती. येसूनं त्यात वाल टाकला होता. पाड्यावरच्या बाईला ओली माती रिकामी बघवत नाही.

"सोडा," ती म्हणाली. "पन वाल निघंपर्यंत थांबा. तवर दुसरी पाली मागून घ्या. सकाली मी वरच्या मजल्यावर वृंदाताईंकडं कामाला जाते, आन् शेल्या येऊन शेंडे खातात. राखनार कोन?"

"वालासाठी पाली बदलू?"

"नोकरी सोडाया निघालात, पाली बदलाया लाज?"

दुपारी लागून रात्री उशिरा सुटणारी दुसरी पाळी कुणी आपणहून मागत नसे. सुपरवायझर चिंतामणी साहेबांनी विचारलं, "घरी भांडण झालं काय रे?"

"नाय साहेब. वालात शेल्या हायेत."

साहेबांनी पाळी लिहून दिली.

मग पदू रोज सकाळी काठी घेऊन, उन्हाकडं पाठ करून प्लॉटमधल्या दगडावर बसू लागला. पहिले काही दिवस नुसता बसला. पण एक कानतुटकी शेळी मोठी बेरकी होती. पदूचा डोळा लागला की वालात. तिच्यामागं पळून त्याला घाम फुटायचा, तोंडातून शिव्या निघायच्या. शिव्या ऐकून दौलतराव बघायला आले आणि गप्पा मारत बसले. घरातूनही शेळी दिसावी म्हणून पदूनं खिडकीचं गोणपाट काढलं. घरी येऊन भाकरी मागू लागला.

माघात शेंगा भरल्या. येसूनं मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरल्या, मडकं पालथं घालून भोवती जाळ केला. सगळी बिल्डिंग मडक्यातली पोपटी खायला जमली.

"वाल निघाला," येसू म्हणाली. "नोकरी कवा सोडताय?"

पदू शेंग सोलता सोलता थांबला. "सोडायची व्हती, नाय?" दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसा म्हणाला. "येसू, पन मना बरं वाटलं कशानं? डॉक्टर म्हनतो टॉनिकनं. भगत म्हनतो अंगाऱ्यानं."

"गोणपाटानं," दौलतराव तोंडातला दाणा सांभाळत म्हणाले.

"शेलीनं," येसू म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

नोकरी राहिली. पण पुढच्या दिवाळीपर्यंत प्लॉटवर बिल्डिंगीचा पाया पडला. पदू पुन्हा साहेबांपुढं उभा.

"दुसरी पाली द्या, साहेब."

"वाल का?"

"वाल नाय. तिथं बांधकाम चालू झालं."

"मग राखणार काय?"

पदूनं डोकं खाजवलं. "ते मना बी समजत नाय. पन द्या."

साहेबांनी दिली.

ती सगळी थंडी पदू सकाळी वाळूच्या ढिगावर दिसायचा. पोटात टॉनिक, कपाळाला अंगारा, हातात काठी, पाठीवर ऊन. काय सोडलं तर पुन्हा गळाठा येईल हे माहीत नसल्यानं त्यानं काहीच सोडलं नव्हतं. गोणपाटसुद्धा वाळूवर बसायला अंथरलं होतं. कानतुटकी शेळी यायची. तिथं खाण्याजोगं काही नव्हतं, तरी पदू तिला हाकलायला उठायचा. ती जरा लांब जायची, परत यायची, आणि पदू परत उठायचा.