दुपारचं व्होल्टेज

ही गोष्ट मागच्या आठवड्यापर्यंत फक्त मला माहीत होती. आता दोघांना माहीत आहे, आणि तू तिसरा. मित्रांत नाही, सख्ख्या भावाजवळ नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — कुठेच बोललो नव्हतो. खून-दरोडा नाही राजा, घाबरू नकोस. एक छोटी लबाडी. पण छोटी लबाडी रोज सकाळी नेमानं केली तर तिला छोटी म्हणायचं का?

आधी माझ्या रेकॉर्डींबद्दल सांगतो. तुला वाटेल, हा मुद्दा टाळतो आहे. टाळतोच आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

दारव्ह्याला विजेच्या ऑफिसात मी बाबू होतो. दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. आमच्या वेळी पोरं पहिल्या पगारात सायकल घ्यायची, मी जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला. बाप म्हणाला, "येडा झाला पोट्टा." झालोच होतो. ऑफिसच्या कामानं नागपूरला जाणं झालं की एक रविवार राखून ठेवायचो आणि जुन्या बाजारात फुटपाथवर उकिडवा बसायचो. गोणपाटावर गठ्ठेच्या गठ्ठे — खयाल, सरोद, सतार, शहनाई. एक एक उचलायची, उन्हात तिरपी धरून बघायची. एकदा त्या विकणाऱ्या चाचांनी जॅझच्या पाच-सहा रेकॉर्डी तशाच माझ्या पिशवीत टाकल्या. "ले जाओ बाबूजी, इसको इधर कोई पूछता नहीं." घरी आणून लावल्या, आणि तो ट्रम्पेट — अरे बापा! माणूस रडता रडता मधेच हसतो ना, तसा. गाण्यातला इंग्रजीचा एक शब्द कळला नाही. काय अडलं?

तुला कधी हा नाद लागला नसेल तर कसं सांगू? रेकॉर्ड पाकिटातून सरकवताना जुन्या पुठ्ठ्याचा वास येतो. ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरायची, बोट लागू द्यायचं नाही. धोतराच्या मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची. सुई टेकली की गाणं सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ नुसती खरखर येते — मला कधी कधी गाण्यापेक्षा तीच आवडायची. संध्याकाळी हातपाय धुऊन मी मांडी घालून, पाठ ताठ करून बसायचो. कोणी मधे बोललं की माझ्या कपाळाला आठी. मला वाटायचं, असंच ऐकायचं असतं.

मग लग्न झालं. मंदा महागावची. तिचे वडील तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, सगळे त्यांना बापू म्हणत. पहिल्याच आठवड्यात मी तिला रेकॉर्डचं मशीन लावायला शिकवलं, आणि ती एका दिवसात शिकली. मी ऑफिसात, ती घरी. दुपारची कामं आटोपली की ती एखादी रेकॉर्ड लावायची. मला कौतुक होतं. म्हणजे, चारचौघांत मी तसं म्हणायचो.

एक दिवस कसलासा कागद घरी राहिला म्हणून दुपारीच परत आलो. रस्त्यावरूनच सरोद ऐकू आला. भीमपलास — माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड. आत पाहतो तर मंदा आणि शेजारच्या काकू पाय पसरून बसलेल्या, मधे सूप, सुपात तुरीच्या शेंगा. सोले — ओले दाणे — काढणं चालू होतं. गप्पा चालू होत्या. काकूंनी काहीतरी सांगितलं आणि मंदा खो-खो हसली, हसता हसता पुन्हा सरोदाच्या सुरात गुणगुणायला लागली. एक दाणा टुणकन उडून माझ्या मशीनच्या झाकणावर पडला. काकू म्हणाल्या, "या भाऊ, बसा. सोलेभात करून राह्यलो आज."

मी बसलो नाही. कागद घेतला आणि निघालो.

काय वाटलं मला? राग आला असं मी स्वतःला सांगितलं. संगीताचा अपमान वगैरे. पण राग नव्हता रे तो. त्या दोघी खुश होत्या. शेंगा सोलत, खिदळत, अर्धं ऐकत, अर्धं सोडून देत — इतक्या खुश की मी पाठ ताठ करून बसणारा माणूस त्या रेकॉर्डीपुढे तसा एकदाही झालो नव्हतो. मी साहेबापुढे बसावं तसा त्या सरोदापुढे बसायचो, आणि त्यांच्याकडे तो आपण होऊन येऊन बसला होता. मला जळफळाट झाला. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी मी भिंग काढलं आणि ती रेकॉर्ड तपासली. ओरखडा शोधत होतो. दोन्ही बाजू पाहिल्या. एकही नव्हता. आणि आता ऐक — मी हिरमुसलो. ओरखडा असता तर मला बोलायला जागा मिळाली असती. आपलं नुकसान झालं नाही म्हणून ज्याला वाईट वाटलं, असा माणूस तू पाहिला आहेस?

मग मी खोटं बोललो. अगदी प्रेमानं बोललो, आवाज न चढवता. "मंदा, दिवसा मशीन लावत नको जाऊ. कापसाच्या जिनिंगच्या मोटारी चालतात, शेतातले पंप चालतात, व्होल्टेज पडतं. मशीन जळून जाईल. संध्याकाळी मी आलो की लावू. रविवारी जिनिंग बंद असते, तेव्हा दुपारी लावू." विजेच्या ऑफिसातला माणूस व्होल्टेजबद्दल सांगतो आहे, कोण नाही म्हणणार? ती काकूंना सांगताना मी ऐकलं — "मशीन जळते म्हने दिवसा. ह्यांले नाही कळन त कोनाले कळन?"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्याचा भरवसा कुठे असतो? वाटलं, मी गेलो की ही लावेल. मशीनच्या दांड्याच्या टोकाला सुईचं छोटं डोकं असतं, पीळ सोडला की निघून हातात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा अंघोळीला गेली तेव्हा मी ते काढलं, कापसात गुंडाळलं, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि खिशात टाकून ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत बसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. असं मी रिटायर होईपर्यंत केलं.

हो. रिटायर होईपर्यंत.

मंदाला व्होल्टेजची भारी काळजी लागली. भरदुपारी बल्ब लावून ती त्याच्याकडे बघत उभी राहायची. पिवळा की पांढरा? मी घरी आलो की सांगायची, "आज लाइट कसा पांढराफेक होता हो. लावता आली असती." मी म्हणायचो, "बल्बवरून नाही कळत." आणि पायातले बूट काढायचो.

मग बापू गेले. तेरावं करून मंदा महागावहून आली. दोन-तीन दिवसांनी दुपारी ऑफिसात तिचा फोन आला, काकूंकडून. ती कधी ऑफिसात फोन करत नसे. म्हणाली, "बापू दुपारीच म्हनत तो राग, पेटीवर. आपल्याकडं हाय ना, सरोदाचा? एकडाव लावू काय? बल्ब पाह्यला मी, चांगला जळून राह्यला." माझा हात खिशावर गेला. सुई तिथंच होती. मला अर्ध्या तासाची रजा टाकून घरी जाता आलं असतं. सुई बसवून, मशीन लावून देऊन परत येता आलं असतं. कोणी विचारलंही नसतं. मी म्हणालो, "नको. भरवसा नाही."

ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

तुला वाटतं संपलं? नाही. त्यानंतर ती लोकांचे ब्लाऊज शिवायला लागली. मला वाटलं, मन रमवते आहे, बरं आहे. हिवाळ्यात एक दिवस घरी आलो तर रेकॉर्डच्या मशीनशेजारी मोठा खोका. मंदा बाजूला उभी, चेहरा असा फुललेला की काय सांगू. तिनं स्टेबलायझर आणला होता. एकटी एसटीनं यवतमाळला गेली, दुकानं फिरली, आणि तो धोंड्यासारखा जड डबा मांडीवर घेऊन परत आली. "दुकानदार म्हने, ह्यानं व्होल्टेज कमीजास्त झालं तरी काही नाही होत. आता दिवसा चालन ना?"

देवानं मला तेव्हा केवढी सोपी वाट दिली होती, बघ. नुसतं "हो" म्हणायचं होतं. सुई जागेवर ठेवून द्यायची होती. माझी लबाडी उघडी न पडता संपली असती! मी तो डबा हातात घेतला, उलटापालटा केला, आणि जाणकारासारखा म्हणालो, "अगं, हा फ्रिजचा आहे. मशीनला लावला तर गाण्यात घरघर येते."

आमच्याकडे तेव्हा फ्रिजही नव्हता, राजा.

तो डबा कपाटावर जाऊन बसला. पुढे फ्रिज आला, मग त्याला जोडला. आणि मंदा हा किस्सा स्वतःवरच हसून सगळ्यांना सांगायची. पाहुणे आले की, "माझी अक्कल पाहा, पहिले स्टेबलायझर आनला, मंग फ्रिज!" सगळे हसायचे. मीही हसायचो. प्रत्येक वेळी हसलो. सुई काढण्यापेक्षा मला हे जास्त लागतं — मी ते हसणं थांबवलं नाही.

हळूहळू तिनं विचारणं सोडलं. घरात मोबाईल आला, ती त्याच्यावर भजनं ऐकायला लागली. मी रिटायर झालो, सुई मशीनवरच राहायला लागली. मला वाटलं, मिटलं.

मागच्या आठवड्यात जुना फ्रिज बंद पडला. नवा आला, बसवणारा म्हणाला, ह्याला स्टेबलायझर लागत नाही. दुपारची वेळ. मंदानं तो डबा ओल्या फडक्यानं पुसला, जाळ्या काढल्या आणि म्हणाली, "तुमच्या मशीनले लावून पाहू काय? घरघर आली त काढून टाकू." एवढ्या वर्षांनी! मी तोंड उघडलं ते पुन्हा काहीतरी थाप मारायलाच, आणि बाहेर पडलं ते भलतंच. "मंदा, मशीनला दिवसा काही होत नव्हतं. मी खोटं बोललो."

मग सगळं सांगितलं. सुई, चष्म्याचं घर, भिंग, सोले. बापूंच्या वेळी सुई माझ्या खिशात होती, हेही. तिच्याकडे न बघता सांगितलं, पण सगळं सांगितलं. आणि काय झालं माहीत आहे? लाज मागाहून आली. आधी हलकं वाटलं. दिवसभर लग्नात चावणारे कोरे बूट रात्री काढावे, तसं. तिच्या तोंडावर रंग उरला नव्हता, आणि मला मोकळा श्वास येत होता. हे चांगलं दिसत नाही, मला कळतं. पण झालं तसं सांगतो आहे. त्या दिवसापासून मला झोप लागते, जेवण जातं, मशीनवरचं झाकण उचलताना छातीत काही होत नाही.

मंदा म्हणाली, "शेंगा सोलल्या म्हून?" मी हो म्हणालो. "त्या डब्यासाठी मी डोळे फोडून शिवलं, अन् तुम्ही लोकांसंगं हासत होते?" हो म्हणालो. त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताटात वाढलं, पण वाढून झाल्यावर जवळ थांबली नाही. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ती द्यावी लागली असती — तिचा स्वभाव मला माहीत आहे. अजून एक गोष्ट तिच्याकडून घ्यायची?

चौथ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. इतकी वर्षं एक प्रश्न मला भेडसावत होता. ती कधी ना कधी चोरून मशीन लावायला जाईल, दांड्याला सुई नाही हे तिला दिसेल, आणि मी पकडला जाईन. मी तेवढ्यासाठी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. मग मी पकडला कसा गेलो नाही? मी विचारलं, "तू एकदाही झाकण उचलून पाहिलं नाहीस? बापू गेले तेव्हाही नाही?"

ती तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, आणि तिला माझा प्रश्नच कळला नाही.

"काहून उचलू?" ती म्हणाली. "तुम्ही नोको म्हनलं होतं ना."