वाट साफ करणारे शेजारी

मुलांनो, पावसाळ्यात येऊन रानातल्या धबधब्यावर जायचं म्हणता, आणि वाटेसाठी फोनमधला नकाशा पुरेल असं कळवलंत. म्हणून आमच्या रोह्याच्या शेजाऱ्यांविषयी आत्ताच लिहिते. रान सोडून बाकी सगळं कळणारा असा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर दर रविवारी आळीतल्या लोकांना डोंगरात न्यायचं त्यांनी मनावर घेतलं. न्यायचं म्हणजे हाकायचं. गळ्यात शिट्टी, पायात गमबूट, हातात छत्री. एक शिट्टी झाली की थांबा, दोन झाल्या की चाला. शेवाळलेल्या दगडावर पाय कसा ठेवावा ते आधी समजावत आणि मग त्याच दगडावरून घसरत. उठताना म्हणत, "हे असं करायचं नाही." माझ्या डब्यातल्या घावनांत मीठ कमी आहे हे त्यांना चौथं घावन संपल्यावर कळे. टापटिपीचं वेड तर असं, की वाटेतला पाचोळासुद्धा छत्रीच्या टोकानं बाजूला सारत. एका श्रावणात, दोन वाटा फुटतात तिथं एकीवर हिरवी फांदी आडवी पडली होती. "लोकांना शिस्त नाही," म्हणत त्यांनी ती दरीत भिरकावली आणि दोन शिट्ट्या दिल्या.

अर्ध्या तासात वाटच संपली. पुढचा भाग खचून धबधब्यात गेला होता. मागे वळताना तुमची आई घसरली. नऊ वर्षांची होती, पाय टेकवेना. पाऊस वाढत होता, परतीचा ओढा फुगत होता. तो वेळेत ओलांडला नाही, तर दुखऱ्या पायाच्या पोरीला घेऊन रात्र रानातच काढायची होती. शेजारी शिट्टी फुंकत राहिले. ती ऐकून डोक्यावर मोळी घेतलेली एक तरुण कातकरी बाई आली.

"हिकडं कशाला आलाव? वाट तुटलीय. सकाळीच मी फांदी आडवी टाकली व्हती. आमची खूण हाय ती. कुनी काडली?"

सगळ्यांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. ते खोकले. "मला कचरा वाटला."

"रानात झाडून काडता काय काका?"

शिट्टी खिशात घालून ते खाली बसले आणि तुमच्या आईला पाठीवर घेतलं. बाई मोळी टाकून पुढे झाली. ओढ्याचं पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं. "पाय उचलू नका, सरकवा," ती सांगत होती आणि आयुष्यात प्रथमच ते मुकाट्यानं ऐकत होते. पलीकडे पोचल्यावर त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ती लाजून बाजूला झाली.

त्या दिवशी मी त्यांना फार बोलले. पोर माझी होती. तरी चारचौघांत इतकं बोलायला नको होतं, असं नंतर वाटलं, कारण त्यांनी डोंगर सोडला तो कायमचा. रविवारी गॅलरीत पेपर वाचत बसत. आळीत सगळीकडे शांतता असे आणि ती मला आवडत नसे. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ती बाई मात्र अजून आहे. बाजाराला आली की माझ्या पायरीवर बसून चहा घेते आणि विचारते, "काय गो बाय, पोर बरी हाय ना?"

पोर पन्नाशीला आली. बरी आहे.